कापून लावलेलं 'व्हय म्हाराजा'

शी! भाचीला बक्षीस मिळालं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द हा निघाला. कॉलेजच्या सभागृहात पोरं शिट्ट्या मारत होती, सुदेश सर स्टेजवर छाती काढून उभे होते, आणि मी मागच्या दारापाशी माइकची वायर गुंडाळत होते. शेजारी उभी असलेली झाडूवाली उषा म्हणाली, "काय झालं गे पद्मावती? चेडवाचं, भाचीचं कौतुक चाललंय आणि तू शी म्हणतेस?" मी म्हटलं, पायाखाली झुरळ आलं. झुरळ परवडलं असतं.

मी ह्या कॉलेजात मीडिया लॅबची अटेंडंट. सासर डिचोलीला, माहेर पेडणे तालुक्यात, मोप्याच्या पठाराखाली. लॅब उघडायची, एसी लावायचा, कॅमेरे द्यायचे आणि परत घ्यायचे, पोरांनी कीबोर्डवर सांडलेलं फरसाण झाडायचं, हे माझं काम. गौरवी माझ्या भावाची, सखारामदादाची, एकुलती एक मुलगी. पेडण्याहून बसनं रोज येऊन-जाऊन पोरीचे गाल बसले, तेव्हा मीच दादाला म्हटलं, ठेव हिला माझ्याकडे. तेव्हापासून ती आमच्या घरची झाली. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की गरम उंडे-पाव आणायला धावणारी हीच, आणि चहात उंडो बुडवता बुडवता फोनवर लग्नाचे व्हिडिओ कापत बसणारीही हीच.

पोरगी बोलायला कमी आणि हट्टाला जास्त. पण कान! कान भारी तिखट. लहानपणी अंगणातल्या पावलांच्या आवाजावरून सांगायची, आज बाबा रागात आहेत. कुकरची शिट्टी कुणाच्या घरची ते ओळखायची. वहिनी म्हणायची, हिच्यासमोर कुजबुजायचीसुद्धा सोय नाही. असा कान देवानं दिला, आणि त्याचं पुढं काय झालं ते सांगते. सांगताना अजूनही माझ्या तोंडाला कडू येतं.

त्याआधी दादाचं सांगायला हवं, कारण सगळा खेळ झाला तो त्याच्या जिवावर. दादाची काजूची बाग, थोडं भात, दोन म्हशी. श्रीमंती नाही. पण गावात त्याला एक मान आहे. सातेरीच्या जत्रेला, सकाळी पालखी निघायच्या आधी, देवळाच्या अंगणात गाव जमतो आणि दादा हातात नारळ घेऊन गावाच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालतो. पाऊस वेळेवर पाड, पठाराखालची झर आटू देऊ नको, पोराबाळांना राख. प्रत्येक मागण्यामागून सगळे पुरुष एका दमात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" शेवटच्या व्हयवर नारळ फोडला की गाऱ्हाणं पुरं. बायका मागं उभ्या राहून ऐकतात, त्यांनी व्हय म्हणायची पद्धत नाही.

हा व्हय म्हणजे तोंडची वाफ नव्हे. देवीसमोर गावानं व्हय म्हटलं की ते गावाला बांधतं. मागाहून कुणी म्हणू शकत नाही की मी सहज म्हटलं होतं. म्हणून मनात नसलं की माणसं ओठ मिटून घेतात, आणि गाऱ्हाणं घालणारा नारळ हातात घेऊन तिथंच अडकतो. आमच्या आजोबांच्या वेळी एकाला गावानं असं अडकवलं होतं. तो माणूस पुन्हा त्या अंगणात उभा राहिला नाही, त्याच्या मुलानंही गाव सोडला. तेव्हा दादाची अब्रू कशावर उभी आहे, ते समजा.

गेल्या वर्षी सरांनी मुलांना प्रोजेक्ट दिला. आपल्या गावावर एक छोटी फिल्म करायची, शूटिंगपासून एडिटिंगपर्यंत सगळं स्वतः. गौरवीनं गाऱ्हाणं निवडलं. मला केवढा आनंद झाला होता! तिच्या वर्गातला परेश कॅमेरा धरणार, ही आवाज घेणार आणि कापाकापी करणार. जत्रेच्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं बापाच्या सदऱ्याला बारीक माइक लावला. दादा लाजला. म्हणाला, "देवीक ऐकू येता गे माझा, ह्या कित्याक?"

"देवीला नाही हो बाबा, कॉलेजला," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

दादानं गाऱ्हाणं घातलं. मध्येच मोप्याच्या विमानतळावरून सुटलेलं विमान डोक्यावरून गेलं, तसा तो थांबला, विमान जाऊ दिलं आणि पुढं बोलला. शेवटी नारळ कपाळाला लावून म्हणाला, "आनी आमच्या ह्या गौरवी चेडवान हो नवो उद्योग हातात घेतलो आसा, म्हाराजा. ता शिकान शाणा होवंदी, गावाचा नाव करूंदी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवळाच्या भिंती दणाणल्या. पावसाला एवढा व्हय नव्हता, झरीला नव्हता. माणसं हसत होती, मायेनं ओरडत होती. आणि ओरडणं संपता संपता गर्दीतल्या एका पोरट्यानं जत्रेत घेतलेली पिपाणी वाजवली, पीं करून. देवळाचे मानकरी बाबुराव त्याच्यावर खेकसले. कानावर हेडफोन घेतलेली गौरवी तिथंच डोळे पुसत होती. एवढं लक्षात ठेवा, पुढं ह्याचंच शेण झालं.

मग लॅबमधले दिवस सुरू झाले. खरं सांगते, ते दिवस बघायला सुंदर होते. पहिल्या आठवड्यात गौरवीनं जी फिल्म जोडली ती बघून मलाच मळमळलं. दर क्षणाला चित्र बदलतंय, देऊळ गरागरा फिरतंय, खाली ढणढणाट संगीत. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "हे लग्नाचं आहे की मयताचं?" पोरगी रडली नाही. सगळं पुसलं आणि पुन्हा बसली.

हळूहळू हात बसला. कापायचं कुठं ते कळायला लागलं. माणूस बोलायला तोंड उघडतो त्याच्या आधी एक श्वास घेतो, तो श्वास ठेवायचा. डोळा मिटतो तिथं कापलं तर बघणाऱ्याला कळतही नाही. आवडता शॉट असला तरी कामाचा नसेल तर फेकायचा. बापाचा चेहरा सोनेरी उन्हात आला होता, तो शॉट फेकताना तिनं मला हाक मारून दाखवला आणि मगच फेकला. स्क्रीनवर वरती चित्राची पट्टी, खाली आवाजाची पट्टी. एक दिवस तिला उमगलं की दोन्ही वेगळी करता येतात. माणूस दिसेनासा होतो तरी त्याचा आवाज पुढं चालू ठेवता येतो.

"आते, डोळ्याला फसवणं सोपं, कानाला कठीण," ती मला म्हणाली. "आवाज तुटला की माणसाला लगेच खटकतं. म्हणून रिकामा आवाज लागतो."

"रिकामा म्हणजे कसला गे?"

तर म्हणे कुणी बोलत नसतं तेव्हाही जागेचा आपला एक आवाज असतो. वारा, पंखा, लांबचा कावळा. तो वेगळा भरून आणायचा आणि जोडाच्या खाली पसरायचा, म्हणजे जोड लपतो. मुद्दाम गावी जाऊन, सगळ्यांना गप्प बसवून, तिनं देवळाच्या अंगणाचा रिकामा आवाज आणला होता. मी हेडफोन लावून ऐकला. माझ्या माहेरचं अंगण माझ्या कानात! डोळे भरले माझे. अशी ती शिकली, आणि शिकवणारा माणूस त्या वेळी तरी मला देवमाणूस वाटत होता.

देवमाणूस! थू!

त्याच सुमारास गावात रुद्रेश शेठची सभा झाली. ह्या शेठला झरीच्या वरचं पठार हवंय. विमानतळ जवळ, म्हणून तिथं पर्यटकांचे बंगले, तरणतलाव, काय काय. देवळालगतच्या अग्रशाळेच्या दालनात खुर्च्या मांडल्या, बाटलीतलं पाणी वाटलं. सरांनी सांगितलं होतं की गावातला आजचा विषयही फिल्ममध्ये घ्या, म्हणून गौरवी आणि परेश तिथंही कॅमेरा घेऊन गेले. शेठ गोड बोलला, बराच वेळ बोलला, आणि शेवटी दोन्ही हात पसरून म्हणाला, "हे सगळं गावाच्या भल्यासाठी. गाव माझ्यासोबत आहे ना?"

कुणी काही बोललं नाही. पंखा कुरकुरत होता. बाबुराव खोकले. कुणीतरी उठून बाहेर पिंक टाकून आला. गावानं ओठ मिटले होते, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो.

आता हाच शेठ आमच्या कॉलेजच्या फिल्म महोत्सवाचा प्रायोजक. गेटवर त्याचाच फोटो, दात काढलेला. सरांनी गौरवीची फिल्म बघितली, सगळं आवडलं, फक्त सभेपाशी तोंड वाकडं केलं. तिनं मला मागाहून शब्दन् शब्द सांगितलं, म्हणून सांगते.

"हा सीन मेलेला आहे," सर म्हणाले. "माणूस प्रश्न विचारतो आणि समोर शांतता? प्रेक्षकाला कसं वाटेल? शेठ स्वतः पहिल्या रांगेत बसणार आहेत. तुझ्याकडे तो रिस्पॉन्स आहे ना जत्रेचा? शेठचा प्रश्न, त्याच्यावर तो आवाज, चित्रात जत्रेची गर्दी. झालं!"

"पण सर, तो आवाज तिथला नाही."

"एडिटिंग म्हणजे काय मग? सगळं जागच्या जागी ठेवायचं तर तू कशाला हवीस? कॅमेराच पुरे की!"

आता इथं कुणी म्हणेल पोरगी लहान, सर मोठे, मार्क त्यांच्या हातात. मान्य. पण सरांनी तिचा हात धरून माउस फिरवला नव्हता. कापलं तिनं. वर आणि मन लावून कापलं, ह्याची मला जास्त शिसारी. सरांनी स्वतः केलं असतं तर आवाज चिकटवलेला पोरांनाही लगेच कळला असता. हिनं जत्रेतले चेहरे निवडले, ओठ उघडतात तिथं बरोबर आवाज बसवला, जोडाखाली माझ्या माहेरच्या अंगणाचा रिकामा आवाज पसरला. आधी दादा नारळ घेऊन "आई सातेरी, ही तुझी लेकरां" म्हणतो, मग शेठ हात पसरून विचारतो, "गाव माझ्यासोबत आहे ना?" आणि सगळा गाव गर्जतो, "व्हय म्हाराजा!" कुठं टाका दिसेल तर शपथ. कामात मग्न झाली की तिला भान राहत नाही, हे मला ठाऊक होतं. पण देवीसमोरचा व्हय कापताना हात कापू नये एका पोरीचा? पेडण्याची ना तू?

मला हे महोत्सवाच्या दिवशीच कळलं. मी मागं उभी होते. पडद्यावर शेठनं हात पसरले, गाव गर्जला, आणि गर्जना संपता संपता बारीक ऐकू आलं, पीं.

अग्रशाळेतल्या सभेत पिपाणी कुठली? गावानं कितीतरी व्हय दिले होते त्या दिवशी. पावसाचा, झरीचा, गुरांचा. तिनं उचलला तो तिच्यासाठीचा! बापानं तिच्यासाठी मागितलेला, गावानं तिला मायेनं दिलेला. तोच तिनं काढून त्या दातवाल्याच्या तोंडाखाली लावला. वर बक्षीस मिळालं, 'उत्कृष्ट संकलन'. मग मी शी म्हणू नको तर काय आरती ओवाळू?

घरी येऊन तिनं ती चकचकीत ट्रॉफी टीव्हीवर ठेवली. मी ती उचलून कपाटाच्या मागं टाकली.

"का गे तो व्हय? दुसरा मिळाला नाही?"

ती खाली बघून म्हणाली, "तोच सगळ्यात स्वच्छ होता आते. मोठा होता. बाकीच्यांवर विमान होतं, कुणाचं खोकणं होतं."

"आणि पिपाणी?"

"ती निघाली नाही. माणसांच्या आवाजात मिसळलेली."

बघा! चोरी केली ह्याचं नाही, पिपाणी निघाली नाही ह्याचं दुःख. त्या रात्री मी तिच्यासाठी ताट वाढलं नाही. वाढून घे म्हटलं. पुढं कितीतरी दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

पण हे कॉलेजात राहिलं असतं तर मी गिळलं असतं. शेठच्या माणसांनी फिल्ममधला तेवढाच तुकडा काढला आणि फोनवर सोडला. वर मथळा, 'देवीच्या साक्षीने गावाचा कौल'. हरमलला एका चुलत भाच्याच्या पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या खोल्या आहेत, त्यानं बघितला. मुरगावला चुलतभाऊ डॉकवर आहे, त्यानं बघितला आणि दादाला फोन करून अभिनंदन केलं. म्हणाला, बरं झालं, तुझ्या गाऱ्हाण्यानं गाव एक झाला. दादाकडे साधा फोन, त्याला काही कळेना. मग बाबुरावांच्या नातवाच्या फोनवर त्यानं आपला आवाज ऐकला, आपला नारळ बघितला आणि ती पिपाणी ऐकली.

मी धावत माहेरी गेले. दादा काजूच्या बागेत बसला होता, बोंडं पायाशी कुजत पडलेली, माश्या घोंगावत होत्या. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"पद्मा, तो व्हय मी चेडवासाठी मागलेलो गे," एवढंच म्हणाला. एवढा मोठा माणूस, आणि पायानं एक कुजकं बोंड मातीत दाबत बसला.

गावात तर नुसता चिखल झाला. तुम्ही म्हणाल, गावातले लोक सभेत होते, आपण गप्प बसलो हे त्यांना ठाऊक नाही का? ठाऊक आहे हो! पण बाबुराव म्हणाले, "आवाज आमचो. अंगण देवीचा. नारळ सखारामाच्या हातात. मग आमी शेठाक व्हय म्हटलो की नाय?" आणि माणसं घाबरली. खरंच घाबरली! स्वतःच्या गळ्यातून निघालेला व्हय तिथं ऐकू येतोय म्हटल्यावर आपण तो दिला की नाही, ह्यावरच त्यांचा विश्वास उडाला. दोघांनी तर लगेच आपल्या पठारावरच्या जमिनी शेठला दिल्या. म्हणे देवीसमोर व्हय गेलाच आहे, आता आड कसं यायचं. मला तर वाटतं त्यांना द्यायच्याच होत्या, हे निमित्त झालं. भीतीच्या आड हाव लपवणारी माणसं बघितली की मला उलटी येते. आणि सगळ्याचं खापर फुटलं दादाच्या डोक्यावर. त्याच्या पोरीनं गाव विकला म्हणून.

गौरवीला हे कळलं तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. सरांकडे गेली, म्हणाली की मी खरी फिल्म करते, तीच दाखवा. सर म्हणाले, सबमिशन झालं, बक्षीस झालं, आता कसली खरी आणि खोटी. आणि वर म्हणाले, "तू फार इमोशनल होतेस, ह्या लाइनीत चालत नाही." मी तेव्हा लॅबमध्ये कॅमेऱ्याच्या पिशव्या पुसत होते. फडका त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटला. नोकरी आहे म्हणून पिशवीच पुन्हा पुसली.

तरी तिनं खरी फिल्म केली. त्यात सगळ्यात अवघड काम काहीच न करण्याचं होतं. शेठचा प्रश्न, आणि पुढं जशी होती तशी ती शांतता. पंखा, खोकला, पिंक टाकायला उठलेला माणूस. एकही कट नाही. मला दाखवली. मी म्हटलं, हे आधी सुचलं असतं तर! लॅपटॉप घेऊन आम्ही दोघी गावी गेलो. अग्रशाळेत माणसं जमली, पाय दुमडून बसली, सगळं बघितलं.

संपलं तसं बाबुरावांनी विचारलं, "ह्या पण तुझ्याच हातचा ना गे?"

"हो."

"आनी ता पण तुझ्याच हातचा?"

"हो."

"मग खरा खंयचा ता आमी कसा वळखूचा?"

गौरवीनं लॅपटॉप बंद केला. काय सांगणार? टाका दिसणार नाही असं शिवायला हीच शिकली होती. आता खऱ्या कापडावरही लोक टाकाच शोधत होते.

बाबुरावांनीच तोड काढली, पण कसली! म्हणाले, येत्या जत्रेला सखारामानं गाऱ्हाणं घालावं, आणि त्यात देवीला सांगावं की तो व्हय गावाचा नव्हे, चोरीचा. चोरणारी समोर उभी पाहिजे. तरच गाव तोंड उघडेल. नाहीतर गावाचे ओठ मिटलेले, आणि दुसरा माणूस बघू. बापानं स्वतःच्या तोंडानं, नारळ हातात घेऊन, पोरीला चोर म्हणायचं! मी भांडले. म्हटलं, त्या शेठला उभा करा की आधी, त्या मास्तराला बोलवा! बाबुराव म्हणाले, ते गावाचे नव्हेत. दादा म्हणाला, "बरा आसा."

जत्रेच्या सकाळी अंगण भरलं. मांडवाचा खर्च रुद्रेश शेठनं केलेला, झालरीवर त्याचं नाव. तो स्वतः पांढऱ्या सदऱ्यात पहिल्या रांगेत, हातात नारळ. कुणी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. गौरवी देवळाच्या पायरीशी उभी होती, हातात फोन नाही, कानात काही नाही. दादानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आई सातेरी, ही गावाची लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत, म्हाराजा."

कुणी बोललं नाही. वारा झालरीतून गेला, लांब कावळा ओरडला. तिनं मुद्दाम येऊन भरून नेलेला तो रिकामा आवाज, तोच. गौरवीनं तो ओळखला, तिचा चेहरा मी बघत होते.

दादानं नारळ घट्ट धरला. "गेल्या वर्साक हयसर गावान जो व्हय दिल्लो, तो माझ्या घरातल्यान चोरलो, म्हाराजा. परक्याच्या तोंडाखाली लायलो, म्हाराजा. तो व्हय गावाचो नाय. तो तू परत घे. आनी जेणी चोरलो ता माझा चेडू, तुझ्यासमोर उभा आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भिंती दणाणल्या. गेल्या वर्षीएवढाच, तीच माणसं, तेच गळे. आणि पहिल्या रांगेत, नारळ उंच धरून, सगळ्यांच्या वर आवाज काढून रुद्रेश शेठही ओरडला, व्हय म्हाराजा! लाज नाही, शरम नाही. गावाला त्याचं काहीच वाटलं नाही. वरती पठारावर त्याच्या कुंपणाचे खांब तोवर उभे राहिलेले.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. पावसाला व्हय, झरीला व्हय, गुरांना व्हय. दादाचा मान राहिला. माणसांनी सुटकेचा श्वास सोडलेला मला मागच्या रांगेत जाणवत होता. गाऱ्हाणं शेवटाला आलं. दरवर्षी दादा इथं पोरीसाठी एक वाक्य घालतो, ती पाळण्यात होती तेव्हापासून. त्यानं नारळ कपाळाला लावला.

"आनी ह्या माझ्या चेडवाक, म्हाराजा..."

आणि थांबला. गावानं व्हय म्हटलं नाही तर? ते त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. त्यानं बाबुरावांकडे बघितलं, बाबुराव जमिनीकडे बघत होते. पुरुषांच्या सगळ्या रांगा जमिनीकडे बघत होत्या. विमान नव्हतं, पिपाणी नव्हती. दादाचा नारळ हळूहळू खाली आला.

माझा पोरीवरचा राग गेला नव्हता. किळसही गेली नव्हती, आजही गेलेली नाही. पण त्या शेठचा व्हय चालतो आणि हिच्यासाठी एकाचाही गळा उघडत नाही, हे बघून माझं डोकं फिरलं. बायकांच्या रांगेतून मी ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी माना वळवल्या. वहिनीनं माझा हात घट्ट पकडला. गौरवीनं पायरीवरून माझ्याकडे बघितलं, त्या ट्रॉफीच्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट बघितलं. एकट्या बाईचा आवाज, चिरका निघाला, शेवटी फाटला. मागून कुणीच साथ दिली नाही, आणि दादानं नारळ फोडला.